लीड जनरेशन ऑटोमेट करून सात महिने झाले, एन-एट-एनचा रिव्ह्यू (आणि त्याआधी पडलेला खड्डा)

सात महिने वापरून मग लिहितोय, कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक. आमची सांगलीत विश्रामबागला वेब एजन्सी आहे, एजन्सी म्हणजे मी, माझा आतेभाऊ आणि एक डिझायनर मुलगी जी तासगावहून रोज एसटीने येते, बास. हळदीच्या व्यापाऱ्यांचे कॅटलॉग, मिरजेतल्या दवाखान्यांच्या साइट, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांचं काहीबाही, आणि अधूनमधून अपवर्कवरचं (ऑनलाइन फ्रीलान्स कामं मिळायची साइट) बाहेरचं काम. काम करायला हात आहेत, आणायला माणूस नाही, हा आमचा कायमचा रडा. दिवाळीच्या तोंडावर सहा प्रोजेक्ट एकदम अंगावर आणि संक्रांतीनंतर माश्या मारत बसायचं. सेल्सला माणूस ठेवायचा तर आधी त्याचा पगार निघाला पाहिजे, म्हणून ठरवलं की लीड, म्हणजे गिऱ्हाईक होऊ शकतील अशी माणसं, शोधायचं काम मशीनच्या गळ्यात मारायचं.

रिव्ह्यू मुख्यतः एन-एट-एनचा आहे (n8n, रोजची कामं आपोआप करून घ्यायचं टूल), पण आधीचा खड्डा सांगतो कारण तुम्ही पण बहुतेक तिथूनच सुरुवात करणार.

खड्डा म्हणजे एक परदेशी 'सगळं एकाच जागी' टाइप लीड टूल. नाव घेत नाही. महिन्याला साधारण चार हजार रुपये, आपण फक्त शहर आणि धंदा सांगायचा, ते ईमेल पत्ते काढून देणार, एआय प्रत्येकाला वेगळी पहिली ओळ लिहिणार, तीन फॉलोअप आपोआप जाणार, तुम्ही झोपा. डेमोत सगळं एकदम गुळगुळीत. आम्ही कोल्हापूर-सांगली पट्ट्यातले डेंटिस्ट, हॉटेलं आणि क्लासेस निवडले आणि पहिल्याच आठवड्यात 300 मेल सोडले, आणि सोडले कुठून तर आमच्या मेन डोमेनवरून, ज्याच्यावरून बिलं आणि कोटेशनं जातात. ही चूक आमची, मान्य. पण 'व्हेरिफाइड' म्हणून दिलेल्या पत्त्यांपैकी साठेक मेल बाउन्स होऊन परत आले ती चूक आमची नाही.

आणि ती एआयची पहिली ओळ! मिरजेच्या एका डॉक्टरांना मेल गेला त्यात सुरुवातीलाच नवीन शाखेबद्दल अभिनंदन. त्यांचा दवाखाना एकच, वीस वर्षं त्याच गल्लीत. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "शाखा कुठे उघडली तेवढं कळवा, भाडं कोण भरतंय ते बघतो." तीनशे मेलवर जी काय पाच-सहा उत्तरं आली त्यातलं सगळ्यात सभ्य उत्तर हे होतं.

खरा दणका पंधरा दिवसांनी. आमचे जुने क्लायंट, मार्केट यार्डातले हळदीवाले काका, यांचा फोन. "चार दिस झालं कोटेशनची वाट बघतोय, करायचं नसंल तर तसं सांग की लेका." म्हणलं काका सोमवारीच पाठवलंय. "कुठं पाठवलंयस, आमच्याकडं तर काय नाही." मग फोन चालू ठेवूनच त्यांच्या मुलाला कॉम्प्युटरवर बसवलं, शोधायला लावलं, सापडलं स्पॅममध्ये. बरोबर वर एक लॉटरीचा मेल, खाली एक लॉटरीचा मेल आणि मध्ये आमचं 38 हजारांचं कोटेशन. त्या दिवशी आतेभावानं ते टूल बंद केलं, म्हणजे बंद करायला गेला तर कॅन्सलचं बटण सापडायला अर्धा तास गेला, असो.

नंतर बसून वाचलं तेव्हा कळलं की आपण किती अडाणीपणे हे केलं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलनं नियम कडक केलेत, एसपीएफ किंवा डीकिम (मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या डोमेनच्या नोंदी) तर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला पाहिजेच, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही पाहिजे, वर डीमार्क (ही त्याच प्रकारची तिसरी नोंद) पाहिजे, एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब पाहिजे. आणि स्पॅम रेट 0.3 टक्क्याच्या खाली ठेवा म्हणतात. आता आपण पाच हजारवाले नाही हे खरं, पण हिशोब करून बघा, 300 मेलमध्ये एका माणसानं जरी वैतागून स्पॅमचं बटण दाबलं तरी 0.33 होतात. एक माणूस! आमच्या डोमेनला एसपीएफ होतं, डीकिम कोणी लावलंच नव्हतं. दुसऱ्यांना वेबसाइट विकणारे आम्ही.

तर आता एन-एट-एन. नावाची गंमत अशी की मूळ शब्द नोडमेशन, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला एन, शेवटचा एन आणि मधली आठ अक्षरं. बर्लिनची कंपनी आहे, 2019 पासून. काम काय करतं तर स्क्रीनवर चौकोन मांडायचे, एकेक चौकोन म्हणजे एक नोड, जीमेलचा, गूगल शीटचा, टेलिग्रामचा, 'असं असेल तर इकडे जा नाहीतर तिकडे' वाला इफ नोड, आणि त्यांना दोऱ्यांनी जोडायचं, या अख्ख्या जोडणीला फ्लो म्हणायचं. झॅपियर किंवा मेक ही असलीच टूल वापरली असतील (मेक म्हणजे पूर्वीचं इंटिग्रोमॅट) तर कल्पना तीच. फरक पैशात आहे. झॅपियरमध्ये जवळजवळ प्रत्येक स्टेप मोजली जाते, इथं अख्खा फ्लो एकदा पळाला की एक एक्झिक्युशन, मग त्यात चार नोड असोत नाहीतर चाळीस. त्यांच्या क्लाउडवर घेतलं तर महिन्याला पैसे, पण स्वतःच्या सर्व्हरवर डॉकरनं (सॉफ्टवेअर तयार डब्यात घालून चालवायची पद्धत) टाकलं तर सॉफ्टवेअरचे शून्य रुपये. आम्ही महिना पाचशेच्या आसपासच्या एका व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, टाकलं.

इथं एक गोष्ट एजन्सीवाल्यांसाठी, कारण आमच्याही डोक्यात लगेच तोच किडा आला की हे क्लायंटलाच विकू. लोक याला सरसकट ओपन सोर्स म्हणतात, तसं ते नाहीये. सोर्स कोड बघता येतो पण लायसन्स त्यांचं स्वतःचं आहे, स्वतःच्या धंद्यात आतल्या कामाला वापरा, फुकट. क्लायंटला फ्लो बनवून द्यायचे, सेटअपचे पैसे घ्यायचे, हे चालतं. पण आपल्या सर्व्हरवर एन-एट-एन ठेवून दहा क्लायंटना लॉगिन देऊन महिन्याचं भाडं घ्यायचं हे चालत नाही, त्याला वेगळा करार लागतो. यूट्यूबवर जे 'एआय एजन्सी काढा' वाले आहेत ते हे सांगत नाहीत.

शिकायला किती वेळ लागला? आम्हाला जेसन (डेटा लिहायची एक पद्धत), एपीआय (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची सोय) हे शब्द रोजचे, तरी पहिला धड चालणारा फ्लो व्हायला चार संध्याकाळी गेल्या. ज्याला हे काहीच माहीत नाही त्यानं सोपं सोपं म्हणून उडी मारू नये. पण एक फीचर मात्र लाजवाब आहे, फ्लो पळाला की प्रत्येक नोडवर क्लिक करून बघता येतं की आत काय गेलं आणि बाहेर काय आलं. चूक कुठं झाली ते डोळ्याला दिसतं. त्या आधीच्या टूलमध्ये नुसतं हिरवं बरोबरचं चिन्ह यायचं आणि आत काय शिजतंय देव जाणे.

आता आम्ही खाल्लेले गचके सांगतो, तिन्ही आमच्याच चुकीचे, तिन्ही कुठं ना कुठं लिहिलेले असतात पण वाचतो कोण. पहिला टाइमझोनचा. सकाळी साडेनऊला दिवसाची यादी येईल असं लावलं, आली संध्याकाळी सात वाजता. दुसऱ्या दिवशी परत सात. आतेभाऊ म्हणे सर्व्हर स्लो आहे. साडेनऊ तासांनी स्लो? शेवटी कळलं की स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं की याचा डिफॉल्ट टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो, सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता लिहावं लागतं. आमच्याकडं सांगलीत बसून न्यूयॉर्कची सकाळ उगवत होती.

दुसरा, दर आठवड्याला जीमेलचं कनेक्शन तुटायचं. बरोबर सात दिवस झाले की फ्लो लाल. हे गूगलच्या बाजूचं सेटिंग, तिकडे आपण जे ॲप तयार करतो ते 'टेस्टिंग' मोडमध्ये ठेवलं तर परवानगी सात दिवसांत संपते, ते पब्लिश करायला लागतं. बटण एक, शोधायला दोन आठवडे. तिसरा गचका थोडक्यात वाचला, सर्व्हर बदलताना एन्क्रिप्शन की कॉपी करायची राहिली होती, जुना सर्व्हर अजून बंद केला नव्हता म्हणून मिळाली. ती की गेली तर साठवलेले सगळे पासवर्ड, टोकन वाचताच येत नाहीत, सगळी कनेक्शनं पहिल्यापासून. ती की कागदावर लिहून कपाटात ठेवा, हसू नका.

काय काय ऑटोमेट केलं आणि त्यातलं काय चाललं, हे बघू.

अपवर्कसाठी पूर्वी लोक आरएसएस फीड (नवीन कामांची आपोआप येणारी यादी) लावायचे, ते 2024 मध्ये त्यांनी बंद केलं. साइट खरवडणं किंवा बॉटनं प्रपोजल टाकणं त्यांच्या नियमात बसत नाही, अकाउंट जाऊ शकतं, त्या वाटेला आम्ही गेलोच नाही. आम्ही काय करतो तर त्यांचे जे जॉब अलर्टचे मेल आपल्याच जीमेलला येतात तेवढेच फ्लो वाचतो, त्यात वर्डप्रेस, वूकॉमर्स असे शब्द आणि आम्ही ठरवलेल्या आकड्याच्या वरचं बजेट असेल तर टेलिग्रामवर मेसेज. प्रपोजल लिहायचं माणसानंच. एका कनेक्टला (प्रपोजल टाकायला लागणारं त्यांचं टोकन) 15 सेंट पडतात आणि एका प्रपोजलला ते मूठभर लागतात, त्यामुळे दिसेल त्या कामावर टाकत बसलं तर डॉलर असेच उडतात. याचा फायदा म्हणजे दिवसभर ते पान रिफ्रेश करत बसणं बंद झालं. काम जास्त मिळालं का? थोडं. पण डिझायनर मुलीचं म्हणणं की माझा मूड सुधारला, हेही नसे थोडके.

दुसरा फ्लो गूगलच्या प्लेसेस एपीआयचा, म्हणजे गूगल मॅपवरच्या दुकानांची माहिती देणाऱ्या सेवेचा. 'मिरज डेंटिस्ट' असं शोधायचं आणि ज्यांच्या नोंदीत वेबसाइटची जागा रिकामी आहे ते वेगळे काढायचे. एका सर्चला जास्तीत जास्त 60 निकाल मिळतात, म्हणून अख्खं शहर एकदम न मागता भागवार मागायचं. फोन नंबर आणि वेबसाइट ही माहिती मागितली की दर वरचा लागतो, म्हणून बिलाला लिमिट घालून ठेवा. आणि एक, गूगलच्या नियमाप्रमाणे ही माहिती उचलून आपला डेटाबेस करत बसायचं नाही, प्लेस आयडी, म्हणजे त्या दुकानाचा गूगलनं दिलेला ओळख क्रमांक, मात्र ठेवता येतो. मग आम्ही शीटमध्ये फक्त प्लेस आयडी आणि आमचा स्वतःचा शेरा ठेवतो, 'भेटलो', 'नको म्हणाले', 'मुलगा पुण्यात आयटीत आहे तो करणार' (हा शेरा सगळ्यात जास्त वेळा येतो). त्यामुळे तेच दुकान परत यादीत येत नाही. रोज सकाळी साडेनऊला आठ नावं टेलिग्रामवर, त्यातल्या दोघा-तिघांकडे आतेभाऊ गाडी काढून जातो.

यातूनच एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं एक दुकान यादीत आलं. मला वाटलं हे काय वेबसाइट घेणार, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (त्या गावाच्या खास वस्तूला मिळणारं भौगोलिक मानांकन) मिळालंय, नाव जगभर आहे, यांना आमची गरज काय. आतेभाऊ गेला. भोपळे टांगलेले, सगळीकडे लाखेचा आणि पॉलिशचा वास, आणि तिथले वयस्कर मालक सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या बारीक तारा) जुळवत होते, त्यांनी वीस मिनिटं वर बघितलंच नाही. मग म्हणाले, वेबसाइट नको, रात्री दोन वाजता अमेरिकेतनं व्हॉट्सॲप येतं आणि सकाळी उत्तर देईपर्यंत पंचवीस मेसेज झालेले असतात, त्याचं काहीतरी करा. तर एक पान केलं, त्यावर फॉर्म, कुठलं वाद्य, डावखुरं का उजवं, पाठवायचं कुठल्या देशात, तारीख कधीची हवी. फॉर्म भरला की एन-एट-एनच्या वेबहुककडून (फॉर्मची माहिती आत घेणारा पत्ता) शीटमध्ये एक ओळ आणि समोरच्याला लगेच मेल की तुमची विचारणा पोचली, मिरजेत आता रात्र आहे, सकाळी फोन करतो. 12 हजारांचं काम. कुठलंही कोल्ड ईमेल (अनोळखी माणसाला न विचारता पाठवलेला मेल) हे काम आणू शकलं नसतं, आणि आतेभाऊ गेला नसता तर त्यांना काय पाहिजे ते आम्हालाही कळलं नसतं.

तिसरा फ्लो सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. आम्ही पूर्वी केलेल्या आणि आसपासच्या जुन्या साइटची एक यादी आहे, फ्लो आठवड्यातून एकदा प्रत्येक पत्ता उघडून बघतो, एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट, ब्राउझरमधलं कुलूप) संपलंय का, साइट पडलीय का, आणि गूगलच्या पेजस्पीडच्या फुकट एपीआयवरून साइट मोबाइलवर किती वेगात उघडते त्याचा स्कोअर काढतो. क्रोम 2018 पासून बिनकुलपाच्या साइटला 'नॉट सिक्युअर' दाखवतं, आणि आपल्या भागात अजून अशा साइट ढिगानं पडल्यात, कुणीतरी 2015 ला करून दिलेल्या, करणारा पोरगा दुबईला गेलेला. अशा माणसाला फोन केला की "तुमच्या साइटवर असुरक्षित असं लिहून येतंय, मोबाइलवर उघडून बघा" तर तो फोन ठेवत नाही, उघडून बघतो. आम्ही काही विकायला आलोय असं त्याला वाटत नाही. सात महिन्यांत स्थानिक नवीन अकरा कामं आली त्यातली सहा या फ्लोतनं, हे मी स्वतः शीटमधून मोजलंय.

चौथा, कोटेशनच्या फॉलोअपचा. इथं आम्ही एकदा परत माती खाल्ली. तिसऱ्या आणि आठव्या दिवशी क्लायंटला आपोआप आठवणीचा मेल जाईल असं लावलं, उत्तर आलेलं असेल तर जाणार नाही. इफ नोड बघायचा की शीटमध्ये 'रिप्लाइड' लिहिलंय का. आतेभाऊ मोबाइलवरून शीट भरतो आणि त्याचा कीबोर्ड प्रत्येक शब्दापुढे एक स्पेस सोडतो. मशीनच्या मते 'रिप्लाइड' आणि 'रिप्लाइड' अधिक स्पेस हे दोन वेगळे शब्द. परिणाम, ज्यानं ॲडव्हान्स पण दिला होता त्याला दोनदा मेल, आमच्या कोटेशनवर काय ठरवलंत म्हणून. तो म्हणाला पैसे परत द्या मग सांगतो. आता त्या कॉलममध्ये टाइप करायचंच नाही, ड्रॉपडाउन आहे, आणि आठवण क्लायंटला जात नाही, आम्हाला येते. 'काकांना पाठवून तीन दिवस झाले, फोन कर.' फोन मग आपण करायचा.

व्हॉट्सॲपवर बल्क पाठवायची एक्स्टेन्शन मिळतात, ती पण विचारात आली होती. अनधिकृत मार्गानं असे मेसेज पाठवणं त्यांच्या नियमात नाही आणि नंबर ब्लॉक होऊ शकतो, धंद्याचा एकच नंबर असलेल्या माणसानं हा जुगार खेळू नये. धंद्याच्या एसएमएसला डीएलटी रजिस्ट्रेशन (पाठवणाऱ्याची आणि मजकुराची आधी करायची नोंदणी) लागतं ते वेगळंच. कोल्ड ईमेल आम्ही पूर्ण सोडलेलं नाही, वेगळं डोमेन घेतलंय, तिन्ही रेकॉर्ड लावलेत, दिवसाला फार तर दहा, आणि प्रत्येक मेल पाठवण्याआधी ड्राफ्ट म्हणून पडतो, एक जण वाचतो, मगच जातो. एआय अजून पण वापरतो, पण फक्त समोरच्याची साइट वाचून चार ओळीत सांग म्हणून, समोरच्याला लिहायला नाही. शाखेचं भाडं परत कोण भरणार.

पैशाचं म्हणाल तर व्हीपीएसचे पाचशे, नवीन डोमेनचे वर्षाला हजारभर, टेलिग्राम बॉट फुकट, गूगलचं बिल लिमिटमुळे नगण्य. वेळ मात्र मोजा, अजूनही आठवड्याला दीड-दोन तास याच्या देखभालीत जातात, अपडेट टाकायचे, बॅकअप बघायचा, काहीतरी लाल झालेलं असतं ते उघडायचं. एरर आला की टेलिग्रामवर ओरडणारा एक वेगळा फ्लो पहिल्याच दिवशी बनवा, नाहीतर फ्लो मेलाय हे तुम्हाला महिन्यानं कळेल. आणि सर्व्हर चालवायची सवय नसेल तर सरळ त्यांचं क्लाउड घ्या, पाचशे रुपये वाचवायला रविवार घालवू नका.

एन-एट-एनला माझे पाचपैकी चार. एक कापला कारण नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे रडवणार. त्या पहिल्या टूलला पाचपैकी एक, तो पण डॉक्टरांच्या उत्तरासाठी. ज्यांना महिन्याला दोन-तीन कामं ओळखीतूनच येतात आणि तेवढीच झेपतात त्यांनी यात पडू नये, वही आणि फोन पुरे आहे.

जुन्या साइट तपासायचा फ्लो कोणाला पाहिजे असेल तर सांगा, जेसन फाइल देतो. फक्त दोन दिवस थांबा, त्यात एका नोडमध्ये आमच्या शीटचा आयडी आणि टेस्टिंगला म्हणून टाकलेला काकांचा मोबाइल नंबर अजून तसाच आहे, तो काढतो आणि मग देतो.